पोट न उघडलेलं अस्वल

२१ ऑक्टोबर

यासू,

आधी हे वाच, मग हवं तेवढं रागव. आमच्या गावच्या मांस कापायच्या शेडमधून तुझ्या तोक्योतल्या खाण्याच्या दुकानात अस्वलाची मागची मांडी आणि पाठीची चरबी आली असेल. ती शिजवू नकोस. शिजवली असेल तर कुणाला वाढू नकोस.

ऑर्डरवर दुकानाचं नाव होतं, तुझं नव्हतं. पण ते दुकान तुझं आहे हे मला एप्रिलमध्येच कळलं होतं. टीव्हीवर परदेशी पाहुण्यांची रांग दाखवत होते आणि मागे पातेल्याशी तू वाकलेला होतास. नुसती पाठ दिसली तरी आईला पुरतं. तुझ्या बाबांना तेव्हा काही बोलले नाही.

दुकानाच्या नंबरवर फोन लावून थकले. एक मुलगी उचलते आणि आधी इंग्रजीत बोलते. मी त्याची आई बोलते आहे म्हटलं, तर म्हणाली, टेबल हवं असेल तर तीन आठवडे थांबावं लागेल. म्हणून हे तातडीचं पत्र.

आता कारण. शेजारच्या इसोकोआजी काल सापडल्या. गेल्या आठवड्यात त्या अळंबी काढायला एकट्याच वर गेल्या होत्या. आम्ही समजत होतो त्या कंबर दाखवायला सेंदाईला मुलीकडे गेल्या, आणि मुलगी चिहारू समजत होती त्या गावातच आहेत. तिनं परवा फोन केला तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. स्मशानामागच्या घळीत सापडल्या. कशा सापडल्या ते लिहीत नाही. पोलिसांनी चिहारूला चेहरा पाहू दिला नाही, एवढ्यावरून समज.

त्या घळीच्या तोंडाशीच अस्वलांसाठी लावलेला पिंजरा होता. त्यात अस्वल अडकलं, मारलं, शेडमध्ये आणलं, आणि त्याचं मांस गावच्या विक्रीच्या मशीनमध्ये आणि तुझ्याकडे गेलं. हे सगळं आजींना शोधायला कुणी बाहेर पडण्याच्या आधीच.

माणसावर तोंड टाकलेलं अस्वल आपण खात नाही. तुला हे मी सांगावं असं नाही. म्हणूनच तर कातडं सोलण्याआधी शिकाऱ्यांच्या टोळीतला म्होरक्या पोट फाडून आत काय आहे ते बघतो, आणि तो 'स्वच्छ' म्हणाल्याशिवाय कुणी सुरीला हात लावत नाही. या वेळी पोट उघडलंच नाही. शेडमध्ये गडबड होती, कुणाकडून तरी राहिलं, आणि आतडी-पोट सगळं भट्टीत गेलं. आता आजींवर तोंड टाकलेलं अस्वल हेच होतं की नव्हतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

पत्र मिळालं की फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर त्या इंग्रजीवालीला करायला सांग.

तुझी आई

२८ ऑक्टोबर

यासू,

तुझं कार्ड मिळालं. 'सदर माल विक्रीतून काढला आहे. कळविल्याबद्दल आभारी आहोत.' खाली दुकानाचा शिक्का. आठ वर्षांनी लेकाचे चार शब्द आले आणि त्यातला पहिला 'सदर'. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून भांडी घासायला घेतली.

असो. काढलंस, देव पावला. पण आता दुसरं मागायचं आहे आणि ते पहिल्यापेक्षा अवघड आहे.

रविवारी सभागृहात बैठक झाली. मशीन आणि शेड दोन्ही सांभाळणारा कुराशिमा तुला आठवत असेल, पोस्टमास्तरांचा मधला. सरकारी अनुदानातून शेड त्यानंच आणली, बस थांब्यावर मशीनही त्यानंच बसवलं. बटण दाबलं की गोठवलेलं अस्वल खाली पडतं, आणि ते बघायला तोक्योहून माणसं येतात, फोटो काढतात, जाताना गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळ करून जातात. आम्हाला आधी हसू यायचं. मग त्याच पैशांतून रस्त्यावरचा बर्फ काढायची सोय झाली, दवाखान्याची गाडी सुरू झाली आणि हसू थांबलं. तुला वाटेल म्हातारे लोभी झाले. अरे, या अकिता प्रांतात, भाताच्या कोठारात राहून आम्ही गेल्या उन्हाळ्यात सरकारी गोदामातल्या जुन्या तांदळासाठी बाजारात रांग लावली. शेतं खंडानं दिली, तांदूळ दुप्पट महागला, आणि ज्या हातांनी आयुष्यभर रोपं लावली त्यांनी पिशवी पुढे केली. त्या रांगेत इसोकोआजी माझ्यापुढे होत्या. मागे वळून म्हणाल्या, "मित्सुए, आपण हा तांदूळ पिकवला तेव्हा कोंबड्यांनाही असा घातला नसता."

बैठकीत कुराशिमा म्हणाला की मशीनमधली उरलेली पाकिटं त्यानं सगळी जाळली आहेत. पोटात काय होतं ते कुणी पाहिलं नाही, तर नसलेल्या गोष्टीचा बोभाटा कशाला? लोकांनी माना डोलावल्या. चिहारू मागच्या रांगेत काळ्या कपड्यांत बसली होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तेव्हा तुझे बाबा उठले. म्हणाले, "पोट मी उघडलं नाही. शेडमध्ये मी होतो आणि सुरी माझ्या हातात होती. बाकी कुणाचा दोष नाही."

हो. मागच्या पत्रात 'कुणाकडून तरी' लिहिलं ते तुझे बाबाच. लिहायला हात धजला नाही. पन्नास वर्षांत ज्या माणसानं एकदाही हे चुकवलं नाही, बर्फाच्या वादळात गुडघ्यावर बसून ज्यानं पोटं तपासली, तोच सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा होता.  कुराशिमा फक्त म्हणाला, "गेन्जिरोकाका, बसा हो तुम्ही." लहान पोराला सांगावं तसं.

बाबा बसले नाहीत. चिहारूसमोर गेले आणि जमिनीला कपाळ टेकलं. ती म्हणाली, "काका, माफी नको. मला फक्त सांगा, त्याच अस्वलानं माझ्या आईला खाल्लं का, आणि तुम्ही सगळ्यांनी ते अस्वल खाल्लंत का?"  आमच्यापैकी निम्म्यांच्या घरी त्याचा रस्सा झाला होता, यासू. आमच्याकडे नाही, बाबांना त्या दिवशी भूक नव्हती. पण शेजारी झाला होता आणि वास आला तेव्हा मी म्हणाले होते, छान वास येतोय.

आता ऐक. आजींच्या डोक्याच्या रुमालावर अस्वलाची लाळ सापडली आहे. प्रांताच्या प्रयोगशाळेत ती मांसाशी जुळवून बघता येते. फक्त मांस हवं. इथलं सगळं जळलं किंवा पोटात गेलं. त्या अस्वलाचं जगात काही उरलं असेल तर ते तुझ्या फ्रीजरमध्ये.

अंगठ्याएवढा तुकडा पाठव. काल कुराशिमा गोड बन घेऊन घरी आला होता. म्हणाला, "काकू, तोक्योत हे कळलं तर तुमच्या मुलाचं दुकान एका दिवसात बंद पडेल. आईनं असं करू नये." मी बन ठेवून घेतले आणि त्याला चहा न देता घालवला. पण त्याचं म्हणणं खोटं नाही, हे मलाही कळतं.

तुझी आई

५ नोव्हेंबर

यासू,

तुझं उत्तर नाही. फ्रीजर रिकामा केलास का? भीतीनं फेकून दिलं असशील तर तसं तरी सांग. चिहारू रोज येते. काही विचारत नाही, ओट्यावर बसते, दिलेला चहा पिते आणि जाते. तिच्यापुढे बसणं मला आता सोसवत नाही.

बाबांनी बोलणं सोडलं आहे. टोळीचा म्होरक्या कमरेला जी जुनी सुरी बांधतो ती काढून त्यांनी देवघरात ठेवली. जेवायला बसतात, भात गार होतो, उठतात. यंदा डोंगरात अस्वलं ज्यांच्या फळांवर जगतात त्या बीचच्या झाडांना फळच धरलं नाही, त्यामुळे अस्वलं थेट अंगणात येतात. मुलं घंटा बांधून शाळेत जातात, अस्वलांना ओढणारी पर्सिमनची फळझाडं नगरपालिका येऊन तोडते आहे, रोज लाऊडस्पीकर ओरडतो. आणि ज्याला डोंगर कळतो तो माणूस खिडकीकडे पाठ करून बसला आहे.

तू रागावून गप्प असशील तर तो राग माझ्यावर काढ. मी अजून एक गोष्ट लिहिलेली नाही.

त्या दिवशी बाबा शेडमध्ये नेहमीसारखंच सावकाश काम करत होते. आतडी-पोट काढून बादलीत ठेवलं होतं, आता ते उघडायचं एवढंच बाकी होतं. मी डबा घेऊन गेले होते. भिंतीवर ऑर्डरचा कागद होता, त्यावर तुझ्या दुकानाचं नाव. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अहो, हे आपल्या यासूकडे जायचं आहे."

त्यांनी मान वर केली नाही. तसंच विचारलं, "गाडी कधीची?" मी म्हणाले, तीनची. मग त्यांनी बादली बाजूला सरकवली आणि मांडीला हात घातला. काय कापलं म्हणून सांगू! एक शीर तुटू दिली नाही. पाठीची चरबी अख्खी, पांढरी, एकसंध उतरवली. कुणी पुसत नाही असा कोपरासुद्धा पुसून काढला. गाडीच्या थंड पेटीत स्वतः ठेवायला गेले. ड्रायव्हरला म्हणाले, नीट ने. परत आले तोवर शेडमधल्या मुलानं बादली भट्टीत रिकामी केली होती.

त्या क्षणी ते थबकले होते. मी पाहिलं. पण गाडी गेली होती, तुझ्याकडचं मांस तिच्यात होतं, आणि ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

आठ वर्षांपूर्वी त्यांनी सगळ्या टोळीसमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तू खालून हाळी घालून अस्वलाला वर बंदुकांकडे हाकायचं होतंस आणि हाळी घातली नाहीस. पिल्लाला घेऊन ती अस्वलीण तुझ्या समोरून निघून गेली आणि वर दबा धरलेल्या माणसांचा दिवस वाया गेला. "परत तोंड दाखवू नकोस," असं ते म्हणाले आणि तू त्यांचं एवढं एकच म्हणणं तंतोतंत ऐकलंस. त्यांचं चुकलं की तुझं, यात मी पडत नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी शेडमध्ये त्यांना घाई होती ती मशीनसाठी नव्हती.

आता तुकडा पाठवायचा की नाही ते तू ठरव.

तुझी आई

१३ नोव्हेंबर

यासू,

थंड पेटी सकाळी आली. तुकडा बर्फात नीट होता. चिहारूला सोबत घेऊन मी स्वतः तो प्रांताच्या माणसाच्या हातात दिला. सोबतचं पत्र मात्र घरी येऊन वाचलं. 

'आई, मी ते विकलं नाही. आम्ही खाल्लं.'

तू लिहितोस की पेटी उघडल्याबरोबर कापणी पाहून ओळखलंस. चरबी अशी अख्खी उतरवणारा हात एकच आहे. बाबांनी आपल्याला पाठवलं असं वाटलं, म्हणून गिऱ्हाइकांना दुसरं वाढलं आणि हे घरी नेलंस. मिसो घालून आपल्यासारखं शिजवलंस. बायकोला आधी वास सोसला नाही, पण खाल्लं. आणि हिनाकोनं दोनदा मागून घेतलं.

हिनाको कोण, हे समजायला मला तीन ओळी पुढे जावं लागलं. चार वर्षांची आहे. आपल्याला नात आहे, हे मला अस्वलाच्या रश्श्यावरून कळावं? आणि त्याच पत्रात तिनं तो रस्सा दोनदा मागून घेतला हेही कळावं? मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि त्याच तोंडानं ओकावंसंही वाटलं. मोरीवर जाऊन तोंड धुतलं.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "दोनदा?" मी हो म्हटलं. मग ते बाहेर गेले आणि लाकडं फोडत राहिले. फोडायची काही गरज नव्हती, दोन हिवाळ्यांची आधीच फोडून ठेवली आहेत. संध्याकाळी आत आले ते म्हणाले, "माझी सून. तिला काय सांगितलं त्यानं?" तेच तर मलाही विचारायचं आहे. तिला सांगितलंस का? माझं ऐकशील तर निकाल येईपर्यंत सांगू नकोस. एकानं जागायचं ते दोघांनी कशाला.

तू असंही लिहिलंस की निकाल वाईट आला तर दुकानाच्या दारावर स्वतःच कागद लावशील, गावाचं नाव घालणार नाहीस. कुराशिमाला हे सांगितलं. तो बुटांची नाडी बांधायला वाकला. मग म्हणाला, "काकू, माझ्या घरीही खाल्लंय हो. आईनं." त्याची आई नव्वदीची आहे आणि इसोकोआजींची लहानपणापासूनची मैत्रीण. त्या पोरालाही झोप नसणार, हे मला सुचलंच नव्हतं.

हिनाकोचा फोटो पाठवशील का? आत्ताच नको वाटत असेल तर राहू दे.

तुझी आई

२२ नोव्हेंबर

यासू,

फोनवर तुला निकाल कळवला. "नाही, जुळत नाही" एवढं मी म्हणाले आणि पुढे तू रडत होतास की मी, ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर जे झालं ते लिहून सांगते, कारण बोलून सांगता येणार नाही.

कागद सभागृहाच्या दारावर लावला. आपल्या अस्वलानं आजींना शिवलंसुद्धा नव्हतं. माणसं रस्त्यात एकमेकांना वाकून नमस्कार करत होती, जणू नवीन वर्ष लागलं. कुराशिमाच्या आईला शेजारणी मिठी मारत होत्या. संध्याकाळी मशीनची वायर परत जोडली आणि त्याचा दिवा लागला. आणि कुराशिमाच्या घरून ताटं निघाली, लाल भाताची.

चवळीसारख्या लाल दाण्यांचा तो भात आपल्याकडे कधी करतात, हे मी तुला सांगायला नको. बारसं, लग्न, पोरगं पास झालं. आजींचं सुतक संपायचा एकोणपन्नासावा दिवससुद्धा झालेला नाही, आणि गावात घरोघरी लाल भात! मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही, हेच मला लिहायचं आहे. ताट दारात आलं, मी हसून घेतलं, डोळ्यांपुढे हिनाको होती. बाबांना वाढला. त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट जेवायला घेतलं. मीही घास घेतला आणि गोड लागला.

तेव्हा चिहारू आली. तिच्या हातात तेच ताट होतं, झाकण न उघडलेलं. इसोकोआजींच्या घरीही पाठवलं होतं त्यांनी. चुकून, यादीत नाव होतं म्हणून. तिनं ते आमच्या ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "काका, हे नव्हतं. मग ते कुठे आहे?"

मी ताट बाजूला सारलं. अख्ख्या गावाला, प्रांताच्या माणसांना, मला, कुणाला म्हणून कुणाला हा प्रश्न पडला नव्हता. आम्ही एवढं जपत होतो की आमच्या पोटात काय गेलं. ज्यानं आजींना मारलं ते अजून वर आहे, त्याला माणसाची चव लागली आहे, आणि आम्ही खाली लाल भात वाटत होतो. मशीनचा दिवा दारातून दिसत होता. मला स्वतःची एवढी किळस आली.

बाबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाले, "आपण भलत्यालाच मारलं, आणि त्याचं पोटही बघितलं नाही. बघितलं असतं तर आजी सापडल्या त्याच दिवशी कळलं असतं की दुसरं आहे." मग त्यांनी देवघरातली सुरी काढली आणि कमरेला बांधली.

टोळीत आता तिघे आहेत. एकाचा गुडघा बदललेला, दुसऱ्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. बर्फ पडायच्या आत, अस्वल गुहेत शिरायच्या आत काढायला हवं. नगरपालिका लाऊडस्पीकर घेऊन दोन पोरं देते म्हणते. बाबा म्हणाले, त्या कर्ण्याला अस्वल आता भीक घालत नाही, निवडणुकीपासून रोज ऐकतंय. घळीच्या तळातून माणसाचा आवाज वर चढत गेला तरच ते हलतं. वर बंदूक धरायला बाबा आहेत. खालून हाळी घालायला गावात आवाजच उरलेला नाही.

रात्री ते मला म्हणाले, "त्याला लिही."

मी म्हणाले, "तुम्हीच फोन करा. आता उचलतो तो."

"मला नाही जमणार. तू लिही, खाली माणूस नाही म्हणून."

मी म्हणाले, "आणि बरोबर पिल्लू निघालं तर? परत तेच होणार का?"

 ते म्हणाले, "खाली जो उभा असतो त्यालाच समोरचं दिसतं. हाळी घालायची की नाही ते त्यानं ठरवायचं. हेही लिही."

मी लिहिलं आहे. मला विचारशील तर तुम्हा दोघांपैकी कुणीच त्या घळीत जाऊ नये असं मला वाटतं, आणि चिहारूकडे पाहिलं की असं वाटल्याची लाज वाटते. सकाळची बस बंद झाली आहे. दुपारची दोनला स्टेशनवरून सुटते, पण कळवलंस तर बाबा गाडी घेऊन येतील. वाटेत काही बोलले नाहीत तरी तू बस त्यांच्या शेजारी.

तुझी आई